आता कुठली नदी?

ठाण्याहून पहाटे चारला गाडी निघते आणि पळस्पे फाटा यायच्या आत मागच्या सीटवरून पहिली विचारणा होते, "आई, आजीचं घर आलं?" विचारणारा पाच वर्षांचा. शेजारी त्याची आठ वर्षांची ताई अर्धवट झोपेत "गप रे" म्हणते. कर्नाळ्याचा सुळका अंधारात मागे पडतो न पडतो तोच तो पुन्हा विचारतो. पेणच्या आत तिसऱ्यांदा. आजीचं घर मालवणजवळच्या एका वाडीत, ठाण्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. रस्ता मोकळा मिळाला तर अकरा तास, नाही तर तेरा-चौदा.

या प्रश्नाची मी बरीच उत्तरं देऊन पाहिली आहेत. "झोप, उठशील तेव्हा आलेलं असेल," असं एकदा म्हटलं. तो शहाण्यासारखा डोळे मिटून झोपला आणि नागोठण्याला उठून रडायला लागला, कारण घर आलेलं नव्हतं. ते रडणं हट्टाचं नव्हतं, फसवलं गेल्याचं होतं. ते मला लागलं आणि ते उत्तर मी कायमचं टाकलं. मग खरं ते सांगायचं म्हणून आकडे सांगू लागले. "अजून चारशे किलोमीटर." "अजून दहा तास." दोन्ही खरे, आणि दोन्ही ऐकून त्याचा चेहरा सारखाच कोरा. शंभर म्हटलं असतं तरी तो तसाच बघत राहिला असता, हजार म्हटलं असतं तरी तसाच.

हा मुलगा नेमकं काय विचारतोय, याचा विचार मी खरं तर तेव्हा सुरू केला.

या वयाच्या मुलाचं बोलणं नीट ऐकलं तर काळाचे त्याचे हिशेब लक्षात येतात. मागे झालेलं सगळं "काल". गेल्या दिवाळीतला किल्लाही काल आणि सकाळी सांडलेलं दूधही काल. पुढचं सगळं "उद्या". स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांना काळाची समज कशी येते, याचा बारकाईने अभ्यास केला. १९२८ मध्ये दाव्होसला आइन्स्टाइननी विचारलेल्या प्रश्नांमुळे आपण या विषयाकडे वळलो, असं त्यांनीच नोंदवलं आहे. त्यांचा एक प्रयोग अगदी साधा होता. दोन खेळणी मुलासमोर एकाच वेळी सोडायची आणि एकाच वेळी थांबवायची. एक जोरात धावतं, म्हणून पुढे जाऊन थांबतं. कोण जास्त वेळ धावलं, असं विचारलं की लहान मुलं पुढे गेलेल्याकडे बोट दाखवतात. लांब गेलं म्हणजे जास्त वेळ गेला. वेळ आणि अंतर त्यांच्या मनात अजून सुटे झालेले नसतात. आपण "दहा तास" म्हणतो तेव्हा मोठ्या माणसाला दहा सारखे तुकडे दिसतात. पाच वर्षांच्या मुलाला त्यातला एकही दिसत नाही. त्याला दिसते ती समोरच्या सीटची पाठ, खिडकी आणि खिडकीबाहेरचा अंधार. "आलं का?" हा त्या अंधारात हात पुढे करून चाचपण्याचा प्रकार आहे. हाताला काही लागलं की तो शांत होतो. काहीच लागलं नाही की पुन्हा चाचपतो.

मग हाताला लागेल असं काय द्यायचं?

माझं माहेर फलटणचं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर किती किलोमीटर, हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं, पण मुक्काम लहानपणीच पाठ होते. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, मग आम्ही, मग बरड, नातेपुते, माळशिरस. आमच्याकडे उतरलेल्या वारकऱ्यांना कोणी "अजून किती राहिलं?" असं विचारलेलं मला आठवत नाही. "उद्या बरड" एवढंच बोलणं व्हायचं. आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, मजल. एका दिवसात चालून होईल एवढी वाट म्हणजे एक मजल. "मजल दरमजल करत" हे आपण आता नुसतं म्हणण्यापुरतं म्हणतो, पण त्यात प्रवास मोजायची एक पूर्ण रीत आहे. सगळी वाट एकदम डोक्यावर घ्यायची नाही. पुढची मजल तेवढी डोळ्यांसमोर ठेवायची, ती झाली की तिच्यापुढची.

मुलगा विचारत होता ती त्याची पुढची मजल. पूर्ण रस्ता त्याने कधी मागितलाच नव्हता.

मग मजला कशाच्या करायच्या? गावांच्या करून पाहिल्या. पण महामार्ग रुंद झाल्यापासून बरीच गावं बाजूला राहतात. उड्डाणपुलावरून जाताना खालचं गाव दिसत नाही, दिसते ती निळी पाटी, आणि ती वाचण्याइतकी अक्षरओळख माझ्या मुलाला नव्हती. पेट्रोल पंप सगळे सारखे. शेवटी गेल्या मे महिन्यात, निघायच्या आदल्या रात्री, नवऱ्याने कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर एक चित्र काढलं. डावीकडे वरपासून खालपर्यंत निळी रेघ, समुद्र. उजवीकडे दातेरी तपकिरी रेघ, सह्याद्री. आणि डोंगरापासून समुद्रापर्यंत आडव्या पंधरा निळ्या रेघा. ती झाली शिडी. मग शिडीच्या मधोमध, सगळ्या पायऱ्या ओलांडत खाली उतरणारी लाल रेघ. तो आपला रस्ता.

कोकणाचा नकाशा खरोखरच असा आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात सरासरी पन्नासेक किलोमीटरची पट्टी. डोंगरावर पडलेलं पाणी पश्चिमेला धावत सुटतं आणि शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतं. रस्ता मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे, किनाऱ्याला समांतर. म्हणून त्याला प्रत्येक नदी ओलांडावीच लागते, आणि दोन नद्यांच्या मधला डोंगराचा सोंडा चढून उतरावा लागतो. घाट, नदी, घाट, नदी. पाताळगंगा, भोगावती, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वशिष्ठी, शास्त्री, बावनदी, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, शुक, जानवली, गड. मोठ्या तेवढ्या आम्ही लिहिल्या. लहान कितीतरी सुटल्या.

ते पान आणि एक लाल स्केचपेन मुलाच्या हातात दिलं. नदी आली की तिच्या रेघेवर फुली मारायची, एवढंच काम.

पहिल्या दोन नद्या अंधारातच गेल्या, पुलाच्या कठड्यांवरून कळल्या. अंबेला झुंजूमुंजू झालं. कोलाडला कुंडलिकेच्या पुलावर ताईने काच खाली करून वाकून पाहिलं आणि "हिच्यात पाणी आहे!" म्हणाली. मे महिन्यात हे आश्चर्यच. त्या खोऱ्यात वर भिऱ्याला वीज तयार करून सोडलेलं पाणी नदीत येतं, म्हणून तिथे उन्हाळ्यातही सकाळी रबरी होड्या सोडता येतात. मुलाने फुली मारली. पान मांडीवर, पेनचं टोपण तोंडात. आणि कुंडलिका ते सावित्री या तासा-दीड तासात "आलं का?" एकदाही आलं नाही. आलं ते असं, "आता कुठली नदी?"

हा फरक वरवर शब्दांचा वाटेल, पण मागच्या सीटवर बसून तो पाहिला की त्याचं मोल कळतं. "आलं का?" विचारणारं मूल वाट पाहत असतं, आणि वाट पाहण्यात करण्यासारखं काहीच नसतं. "आता कुठली नदी?" विचारणारं मूल वाटेवर असतं. त्याचं लक्ष बाहेर असतं, आणि याचा शरीरालाही फायदा होतो. गाडी लागते ती कशी? कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलतंय असं सांगतो, आणि पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सगळं स्थिर आहे असं सांगतात. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात त्रासाचा. आलेपाक, आवळा सुपारी, हुंगायला लिंबू, हे सगळं आमच्या पिशवीत असतं आणि ते असावंच. पण सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे नजर लांब, बाहेर. नदी शोधणाऱ्या मुलाची नजर आपोआप तिथे जाते. कशेडीच्या आधी हमखास ओकणारी माझी मुलगी त्या दिवशी ओकली नाही.

महाडला सावित्रीच्या पुलावर माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे वेग कमी केला आणि एक हात छातीशी नेला. मुलीने विचारलं, "बाबा, नमस्कार का केलात?" २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिश काळातला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं गेली. त्या एसट्यांत बसलेली माणसंही आमच्यासारखीच कोकणातल्या घरापासून मुंबईच्या घराकडे निघालेली होती. पुढच्या जूनपर्यंत नवा पूल उभा राहिला. मुलांना किती सांगायचं, असा प्रश्न मला पडला होता. नवऱ्याने सरळ सांगितलं, "इथला जुना पूल पुरात पडला. रात्रीची वेळ होती. माणसं गेली. म्हणून." मुलगी काही बोलली नाही. मुलाने फुली जरा हळू मारली, निदान मला तसं वाटलं. नदीला मजल करायची तर नदीचं हेही पदरात घ्यावं लागतं.

कशेडीला आता डोंगरातून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आहे. पूर्वी अर्धा-पाऊण तास वळणं घेत जायचं, ते आता काही मिनिटांत. बोगदा संपला की खेड, आणि खेडला जगबुडी. हे नाव ऐकून मुलगा इतका खूश झाला की पुढची वीस मिनिटं जग कसं बुडेल याची चर्चा चालली. मग परशुराम घाट. वरून खाली खोऱ्यात वशिष्ठी दिसली, रुंद, भरलेली. तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न मला त्या प्रवासातला सगळ्यात मोठा वाटतो. "बाकीच्या नद्या सुकल्या, मग हिला पाणी कोणी दिलं?"

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण उतार तीव्र आणि वाट लहान, म्हणून पाणी थांबत नाही. मेपर्यंत बऱ्याच नद्यांची डबकी उरतात. वशिष्ठीला मात्र पाणी आहे, कारण ते तिचं एकटीचं नाही. सह्याद्रीच्या पलीकडे कोयना नदी अडवली आहे. ती खरी पूर्वेकडची, कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. तिचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, त्यावर वीज होते आणि मग ते पाणी वशिष्ठीत येतं. "म्हणजे कोयनेने दिलं," मुलगा म्हणाला. "कोयना तुझ्या गावाकडची ना?" अगदी माझ्या गावाची नाही, पण सातारा जिल्ह्याची. मी हो म्हटलं. घाटावरून येऊन कोकणातली झालेली मीच या गाडीत एकटी नव्हते, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वशिष्ठी ओलांडताना वाटतं. याच चिपळूणने २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी घराच्या मजल्यांपर्यंत चढलेलं पाहिलंय. शांत वाहणाऱ्या पाण्याकडे बघून ते खरं वाटत नाही.

चिपळूणला थांबून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो तेव्हा फोन वाजला.

"खंय पावलास रे?"

माझ्या सासूबाई. निघाल्यापासूनचा हा तिसरा फोन. एरवी मी या फोनांना थोडी कंटाळायचे. गाडी चालवणाऱ्याला सारखं काय विचारायचं, पोचलो की कळवूच की. पण त्या दिवशी मांडीवर ते फुल्यांचं पान होतं आणि एकदम लक्षात आलं, हा तोच प्रश्न आहे. एक टोक मागच्या सीटवर बसून विचारतंय, दुसरं टोक मालवणजवळच्या ओसरीवर. दोघांनाही आकडा नको आहे. "अजून सहा तास" असं सांगितलं की त्या नुसतं "बरा" म्हणतात. "चिपळूण सोडलं" म्हटलं की त्यांच्या आवाजात फरक पडतो. "मगे आता संगमेश्वर. सावकाश येवा."

त्यांनी हा रस्ता स्वतः फार केलेला नाही. पण चाळीस वर्षं त्या या रस्त्याने येणाऱ्यांची वाट पाहत आल्या आहेत. सासरे मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला एसटीच्या रातराणीने येत, कसालला उतरत. कुठलं गाव किती वाजता मागे पडलं असेल, हे त्या घरात बसून मनाशी मोजत. आता फोनवर मोजतात. राजापूर म्हटलं की नारळ फोडतात. खारेपाटण म्हटलं की, सिंधुदुर्गात पाऊल पडलं म्हणून, देवासमोर उदबत्ती. कणकवली म्हटलं की आंबोळीचा तवा चुलीवर.

पोचल्यावर मी त्यांना ते पान दाखवलं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्यांचे वडील बोटीने यायचे. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत मालवणला यायची, आणि त्यांच्या लहानपणी घरात ही नावं अशीच ओळीने म्हटली जायची. मी पानावर बोट ठेवून बघू लागले. दाभोळ म्हणजे वशिष्ठीचं मुख. जयगडला शास्त्री समुद्राला मिळते. रत्नागिरीच्या शेजारी भाट्याला काजळी. खारेपाटणला आम्ही ओलांडतो तीच नदी खाली विजयदुर्गला पोचते. बोटीने त्याच नद्या त्यांच्या मुखाशी मोजल्या, आम्ही मधोमध मोजतो. शिडी तीच. पणजोबा समुद्राच्या बाजूने उतरले, पणतू पुलांवरून उतरला.

रस्त्याबद्दल एक सांगायला हवं. या महामार्गाचं काम दशकाहून जास्त रेंगाळलं. खड्ड्यांतून, धुळीतून, लहान मुलांना घेऊन केलेले ते प्रवास मला कोणी परत देऊ केले तर मी घेणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला चौदा तास बांधून ठेवण्यात काही गोड नाही. तीन-चार वेळा थांबून त्याला पळू द्यावंच लागतं, आणि कितीही रडला तरी पट्टा सोडून पुढे मांडीवर घ्यायचं नाही. रस्ता लवकर, सुरक्षित पुरा व्हावा. पण पूल उंच आणि रस्ता सरळ होत गेला की नदी कधी आली नि गेली हे कळत नाही. काही पुलांवर नदीच्या नावाची पाटी आहे, काहींवर नाही. सगळ्यांवर हवी, मोठ्या अक्षरात. मुलीने दोन ठिकाणी "पाटीच नाही" म्हणून तक्रार केली, ती रास्त होती.

हातखंब्यानंतर मुलगा झोपला. काजळी आणि मुचकुंदी झोपेत गेल्या. त्या दोन फुल्या ताईने मारल्या, आणि उठल्यावर त्याने त्या मान्य केल्या नाहीत. "मी पाहिल्या नाहीत, मग त्या आल्या कशा?" परतीच्या वाटेवर त्या दोन त्याच्या, असा तह झाला. कणकवलीनंतर गड नदी आली, शेवटची. नवरा म्हणाला, "ही पण आपल्याकडेच चालली आहे. मालवणच्या वर समुद्राला मिळते." मुलाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आपण आधी पोचणार की ती?"

कसालला महामार्ग सोडला. ऊन कलायला लागलं होतं. वाडीकडचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे काजू, वर कुठेतरी फणसाचा वास. घराच्या अलीकडे एक लहानशी मोरी आहे. गाडी त्यावरून गेली तेव्हा खालून किंचित पाण्याचा आवाज आला. मुलगा ताडकन उठून बसला. पानावर पंधरा रेघा, पंधरा फुल्या, आणि ही सोळावी.

आजी बेड्याशीच उभी होती. गाडी थांबायच्या आत त्याने दार उघडायला लावलं आणि धावत जाऊन, तिने उचलून घ्यायच्या आधीच, मागे बोट दाखवून विचारलं, "आजी, ती कुठली नदी?"

"ती खंयची नदी? व्हाळ तो," आजी म्हणाली. "तेका नाव कित्याक व्हया?"

तो पान घेऊन ओसरीवर पालथा पडला. शेवटच्या रेघेखाली त्याने आणखी एक रेघ ओढली, बारीक, आणि ताईला म्हणाला, "लिही, आजीचा व्हाळ."